हिऱ्यांच्या पॅरिसमध्ये गाईच्या शिंगाचे दागिने घडवणारा रेने लालिक

लग्नसराईत सराफाच्या दुकानात गेलं की एक सीन हमखास दिसतो. दागिना काट्यावर ठेवला जातो, आजचा भाव बघितला जातो, वजनाचा गुणाकार होतो आणि सगळ्यात शेवटी विषय निघतो घडणावळीचा. इथे मात्र घासाघीस सुरू होते. सोन्याच्या भावावर कुणी वाद घालत नाही, पण घडणावळीत थोडं कमी करा हे प्रत्येकजण सांगतो. पुढे कधी तोच दागिना मोडायची वेळ आली तर हातात पैसे येतात ते फक्त सोन्याचे. घडवणाऱ्याच्या मेहनतीचे पैसे तिथेच बुडालेले असतात.

म्हणजे हिशोब सरळ आहे. किंमत मालाची, हाताची नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका माणसाने हा हिशोब उलटा करून दाखवला. त्याने हिऱ्यांना बाजूला बसवलं आणि गाईचं शिंग, काच, मीना असल्या मालातून असे दागिने घडवले, की श्रीमंतातल्या श्रीमंत गिऱ्हाइकाने घडणावळीचे पैसे मोजले, तेही घासाघीस न करता. आणि सगळं जग त्याला दागिन्यांचा बादशहा म्हणायला लागलं, तेव्हा काही वर्षांत त्याने दागिने करणंच सोडून दिलं.

त्या माणसाचं नाव रेने लालिक.

वडील गेले आणि पोरगं कामाला लागलं

रेने लालिकचा जन्म ६ एप्रिल १८६० चा. गाव फ्रान्सच्या शॅम्पेन भागातलं आय. हो, तीच शॅम्पेन, जिच्या बाटलीचं बूच उडतं. घरचे लोक लवकरच पॅरिसच्या बाजूला राहायला गेले, पण सुट्ट्यांमध्ये पोराची फेरी गावाकडे ठरलेली असायची. द्राक्षाचे मळे, गवत, चतुर, भुंगे, फुलपाखरं हे सगळं त्याने लहानपणी बघून घेतलं, कागदावर उतरवून घेतलं. पुढे आयुष्यभर त्याने हेच भांडवल वापरलं.

चित्रकला चांगली होती. शाळेत त्याचं रीतसर शिक्षणही सुरू झालं होतं. पण १८७६ मध्ये वडील वारले. सोळा वर्षांच्या रेनेला काहीतरी हातातलं काम शिकणं भाग होतं. त्याला पॅरिसमधल्या लुई ओकोक नावाच्या नामांकित जवाहिऱ्याकडे उमेदवारीवर ठेवण्यात आलं.

दिवसा ओकोककडे सोनारकाम आणि संध्याकाळी कलाशाळेत ड्रॉइंगचे वर्ग, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला. सोनं कसं तापवायचं, जोड कसा द्यायचा, खडा कसा बसवायचा हे त्याने बाकावर बसून शिकून घेतलं. १८७८ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि लंडनजवळच्या सिडनहॅममध्ये दोन वर्षं शिकला.

परत आल्यावर त्याच्याकडे दुकान नव्हतं, भांडवल नव्हतं. होती ती फक्त पेन्सिल. मग त्याने डिझाइन काढून विकायला सुरुवात केली. बुशरों, कार्टिए अशा मोठ्या पेढ्या त्याची चित्रं विकत घ्यायच्या आणि त्यावरून दागिने करायच्या. दागिन्यावर नाव अर्थातच पेढीचं असायचं.

१८८५ च्या सुमारास त्याला संधी मिळाली. देस्ताप नावाच्या एका जवाहिऱ्याची चालती कार्यशाळा त्याच्याकडे आली. बाक, हत्यारं, कारागीर सगळं तयार होतं. वयाच्या पंचविशीत लालिक मालक झाला.

अडचण हिऱ्यांची होती

आता त्या काळातलं पॅरिस समजून घ्यायला पाहिजे.

१८६० च्या दशकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले. त्याआधी शतकानुशतकं हिरे म्हटलं की भारत आणि नंतर ब्राझील. आफ्रिकेतल्या खाणी सुरू झाल्या आणि युरोपच्या बाजारात हिऱ्यांचा पूर आला. मग दागिन्याचं कामच बदललं. फूल करा, धनुष्य करा, तारा करा, काहीही करा, पण वरून दिसले पाहिजेत ते हिरे. सोनाराचं काम एवढंच, की खडे घट्ट धरून ठेवायचे आणि आपण दिसायचं नाही.

अशा दागिन्याचं आयुष्यही छोटं असायचं. फॅशन बदलली की खडे काढायचे, धातू वितळवायचा आणि नवीन घाट करून घ्यायचा. एवढंच कशाला, १८८७ मध्ये तर फ्रान्सच्या सरकारने राजघराण्याचे दागिनेसुद्धा लिलावात काढले. शेकडो वर्षांच्या कारागिरीला बाजारात भाव होता तो खड्यांचा.

लालिकला नेमकं हेच खटकत होतं. त्याचं म्हणणं त्याच्या कामातून दिसतं. दागिना हे एक चित्र आहे, शिल्प आहे. चित्राची किंमत आपण रंगाच्या वजनावर ठरवत नाही, मग दागिन्याची खड्याच्या वजनावर का ठरवायची?

पण असा विचार करणं वेगळं आणि त्यावर कार्यशाळा चालवणं वेगळं. कारागिरांचा पगार दर महिन्याला द्यायचाच होता. गिऱ्हाइकाला हिरे हवे होते. लालिकने धोका पत्करला तो इथे.

एक दागिना कसा घडायचा?

लालिकच्या कार्यशाळेत दागिन्याची सुरुवात व्हायची कागदावर. तो निसर्गातली वस्तू बघून आधी चित्र काढायचा. फुललेलं फूलच काढलं पाहिजे असं काही नव्हतं. सुकत आलेलं पान, काटेरी फांदी, पाइनचं बोंड, साप, वटवाघूळ, बेडूक, गांधीलमाशी यातलं काहीही त्याला चालायचं. ज्या गोष्टी बघून लोक नाक मुरडायचे, त्या तो बायकांच्या गळ्यात आणि केसांत नेऊन बसवत होता. त्या काळात जपानी कलेचं पॅरिसला वेड लागलं होतं. एखादी फांदी किंवा एखादा किडा म्हणजे पूर्ण चित्र असू शकतं, ही जपानी नजर त्याच्या कामातही आली.

चित्र झालं की माल ठरायचा, आणि त्यात किंमत बघितली जायची नाही. रंग कुठला पाहिजे, उजेड आरपार जायला पाहिजे की अडायला पाहिजे, यावरून माल निवडला जायचा. दुधाळ निळ्या प्रकाशासाठी मूनस्टोन आणि पाण्यात तेल सांडल्यासारख्या रंगांसाठी ओपल. ओपल अपशकुनी असतो अशी युरोपात समजूत होती, पण लालिकने तो भरपूर वापरला. वेडावाकडा मोती मिळाला तर त्या वाकडेपणाचंच तो काहीतरी करायचा.

मग आलं शिंग.

शिंगाच्या फण्या आपल्याकडेही होत्याच. स्वस्त, टिकाऊ, रोजच्या वापराची वस्तू. शिंग तापवलं की मऊ होतं, वाकवता येतं आणि थंड झालं की तोच आकार धरून ठेवतं. पातळ कोरलं तर उजेड त्यातून मधासारखा पाझरतो. १८९६-९७ च्या सुमारास लालिकने पॅरिसच्या प्रदर्शनांत शिंगाचे दागिने मांडले. माल फण्या करणाऱ्याचा आणि काम दरबारी जवाहिऱ्याचं. हे असं पॅरिसने आधी बघितलं नव्हतं.

त्याची दुसरी ओळख म्हणजे मीना. मीनाकारी म्हटलं की आपल्याला जयपूर आठवतं. तिथे सोन्याच्या पत्र्यात खाचा करून रंगीत काचेची पूड भरतात आणि भट्टीत भाजतात. मागे सोन्याचा पत्रा राहतो. लालिक जो प्रकार वापरायचा त्यात मागे काहीच राहत नाही. सोन्याच्या बारीक तारांची जाळी करायची, तात्पुरता आधार देऊन तिच्या घरांमध्ये रंगीत काच भरायची, भाजायची आणि मग मागचा आधार काढून टाकायचा. उरते ती तारांच्या चौकटीत अडकलेली काच, चर्चच्या खिडकीत असते तशी, फक्त नखाएवढी. चतुराच्या पंखासाठी याहून चांगली युक्ती सापडणं अवघड आहे. पण भट्टीत उष्णता जरा इकडेतिकडे झाली की काच तडकते आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

लालिक सगळं एकट्याने करत नव्हता. कोरणारे, मीना भरणारे, जोडणारे असे कारागीर हाताखाली होते. पण चित्र त्याचं असायचं आणि प्रत्येक टप्प्यावर नजर त्याची असायची. जुन्या कामाला नवं यंत्र जोडायलाही त्याची हरकत नव्हती. नाणी आणि पदकांच्या कामात एक लेथ वापरायचे. मोठा नमुना लावला की तो त्याची हुबेहूब छोटी प्रत कोरून द्यायचा. लालिकने तो दागिन्यांसाठी वापरला.

स्टेजवरची राणी आणि तेलाचा व्यापारी

लालिकचं नाव पॅरिसभर नेलं ते सारा बर्नहार्टने. सारा म्हणजे त्या काळची युरोपातली सगळ्यात मोठी नटी. ती काय घालते याची चर्चा व्हायची. १८९० च्या दशकात लालिकने तिच्या नाटकांसाठी दागिने केले.

त्यातलं एक नाटक होतं इझेल. त्याची गोष्ट भारतात घडते, बुद्धाच्या आयुष्याची आठवण करून देणारी. याच नाटकाचा प्रयोग १८९६ मध्ये न्यूयॉर्कला स्वामी विवेकानंदांनी बघितला होता आणि नंतर त्यांची साराशी भेटही झाली होती.

दुसरं मोठं गिऱ्हाईक होतं कालूस्त गुलबेंकियन. तेलाच्या धंद्यात अफाट पैसा कमावलेला आर्मेनियन माणूस. त्याला जगातले कुठलेही हिरे विकत घेता आले असते. त्याने लालिककडून शिंग, काच आणि मीना विकत घेतला, एकदोन नाही तर जवळपास दीडशे वस्तू, त्याही थेट लालिककडून.

यातली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे चतुर-स्त्री. १८९७-९८ च्या सुमाराचं हे छातीवर लावायचं आभूषण आहे. चतुराच्या तोंडातून एका बाईचा हिरवट धड आणि चेहरा बाहेर येतोय. हात नाहीत, त्या जागी पंख. खाली सोन्याच्या नख्या. पंखांचा विस्तार सुमारे २६ सेंटीमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा जरासाच कमी. तिला किडा गिळतोय की किड्यातून ती जन्माला येतेय हे बघणाऱ्याने ठरवायचं. यात हिरेसुद्धा आहेत, पण ते पंखांवर दवासारखे शिंपडलेले. इथे हिरे कारागिराच्या नोकरीत आहेत.

१९०० साल, जत्रेत एकच गर्दी

१८९७ मध्ये फ्रान्सने लालिकला लीजन ऑफ ऑनर हा मोठा सन्मान दिला. आणि १९०० मध्ये पॅरिसचं जागतिक प्रदर्शन भरलं.

लालिकने आपला स्टॉलसुद्धा दागिन्यासारखा घडवला होता. पंख पसरलेल्या बायकांच्या ब्राँझच्या मूर्तींची जाळी आणि वर उडणारी वटवाघळं. आत शिंगाच्या फण्या, सापांची आभूषणं, चतुर-स्त्री. लोकांनी गर्दी केली. युरोपभरच्या संग्रहालयांनी आणि श्रीमंतांनी खरेदी केली. लालिकला सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि लीजन ऑफ ऑनरमध्ये बढतीही.

चाळिशीच्या माणसाला आणखी काय पाहिजे?

घर आणि कारखाना एकाच छताखाली

या यशातून लालिकने सेन नदीच्या काठी स्वतःसाठी इमारत बांधली. १९०२ च्या सुमाराची ही गोष्ट. तिचं डिझाइनही त्याचंच. दर्शनी भिंतीवर दगडातल्या पाइनच्या फांद्या चढलेल्या आणि त्याच फांद्या दाराच्या काचेत उतरलेल्या. कार्यशाळा, प्रदर्शनाची खोली आणि राहतं घर सगळं तिथेच. आपल्याकडे सोनार खाली पेढी आणि वर घर असा राहायचा, तसंच काहीसं.

घरातली माणसंही कामात होती. त्याची जोडीदार आलीस ही शिल्पकार ओग्युस्त लद्रू यांची मुलगी. तिचे वडील आणि भाऊ लालिकबरोबर काम करायचे. आलीसचा चेहरा त्याच्या कामात पुन्हा पुन्हा येतो. त्यांना सुझान आणि मार्क अशी दोन मुलं झाली. मार्कने पुढे वडिलांचंच काम धरलं.

पॅरिसबाहेर क्लेरफोंतेन इथे त्याची एक जागा होती. तिथे थोडे कामगार घेऊन तो काचेचे प्रयोग करायचा. दागिन्यात काचेचे छोटे तुकडे तो आधीपासून वापरत होताच. आता काच त्याला जास्त जास्त ओढायला लागली होती.

यश आलं आणि नकलाही आल्या

दुसरीकडे बाजारात वेगळंच चाललं होतं. १९०० नंतर लालिकच्या स्टाइलचा माल सगळीकडे दिसायला लागला. कुणीही उठावं आणि वळणदार फांदीवर बाईचा चेहरा चिकटवावा. त्याचा माल दुर्मीळ नव्हताच, शिंग आणि काच कुणालाही मिळायची. दुर्मीळ होता तो हात, पण नकला बघून कंटाळलेल्या गिऱ्हाइकाला तो फरक दिसेनासा झाला. फॅशनही बदलत होती. सरळ रेषा, प्लॅटिनम आणि पुन्हा हिरे.

त्याचे स्वतःचे दागिने तर इतके महाग आणि नाजूक होते की ते घालण्यापेक्षा कपाटात ठेवण्यासाठीच घेतले जात होते. मालाच्या जुलमातून सुटलेला दागिना आता मोजक्या श्रीमंतांच्या काचेआड अडकला होता.

१९०५ मध्ये लालिकने पॅरिसच्या प्लास व्हांदोम या उंची चौकात दुकान काढलं. शेजारीच अत्तराचा व्यापारी फ्रान्स्वा कोटी होता. कोटीने त्याच्याकडे अत्तराच्या बाटल्यांचं काम आणलं. अत्तराला साजेशी सुंदर बाटली करायची, आणि ती एकदोन नाही तर हजारोंनी.

लालिक तयार झाला. १९०९ मध्ये त्याने कोंब-ला-व्हील इथला काचेचा कारखाना भाड्याने घेतला आणि काही वर्षांत विकतच घेतला. त्याच १९०९ मध्ये आलीस वारली.

१९१२ मध्ये त्याने प्लास व्हांदोमच्या दुकानात प्रदर्शन भरवलं. सगळं काचेचं. पन्नाशी ओलांडलेल्या, दागिन्यांच्या जगात सगळं मिळवलेल्या माणसाने जुना धंदा बंद करून नवीन धंद्यात शून्यातून सुरुवात केली होती.

बादशहाने बाटल्या का केल्या?

हे अधःपतन होतं का? तेव्हाही काहींना तसं वाटू शकलं असतं. चतुराचा एकेक पंख हाताने भरणारा माणूस साच्यातून बाटल्या काढतोय.

पण जरा नीट बघितलं तर हिशोब तोच होता. काच म्हणजे मुळात वाळू. त्याहून स्वस्त माल कुठला? किंमत येते ती आकारातून, म्हणजे घडणावळीतून. फरक एवढाच की चतुर-स्त्री एका गुलबेंकियनला मिळाली आणि बाटली मध्यमवर्गातल्या बाईच्या आरशासमोर पोचली.

हातही पूर्ण सुटला नव्हता. काही फुलदाण्या तो मेणाच्या पद्धतीने करायचा. आधी मेणात वस्तू घडवायची, भोवती साचा करायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत काच भरायची. बस्तरचे ढोकरा कारागीर पितळेत हेच करतात. साचा फोडल्याशिवाय वस्तू निघत नाही, म्हणून अशी प्रत्येक वस्तू एकमेव. अशा काही फुलदाण्यांवर घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे अजूनही दिसतात.

पहिल्या महायुद्धात कारखान्याला दवाखान्यांसाठी आणि औषधांसाठी काच करावी लागली. युद्धानंतर अल्सास हा भाग फ्रान्सला परत मिळाला आणि तिथल्या विंगेन गावात लालिकने १९२१ मध्ये नवीन कारखाना उभारायला घेतला. पुढची वर्षं काचेची होती. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचं सुमारे १५ मीटर उंचीचं उजळणारं कारंजं उभं राहिलं. मोटारींच्या बॉनेटवर लावायच्या काचेच्या मूर्ती आल्या. १९३५ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या नॉर्मंडी या भव्य जहाजाच्या भोजनगृहात त्याच्या काचेचे दिव्यांचे खांब होते.

मग दुसरं महायुद्ध आलं. कारखाना बंद पडला आणि जर्मनांच्या ताब्यात गेला. मे १९४५ मध्ये, युरोपातलं युद्ध संपलं त्याच महिन्यात, पॅरिसमध्ये लालिक वारला. वय होतं ८५. आपला कारखाना पुन्हा पेटलेला त्याला बघायला मिळाला नाही. मार्कने तो पुन्हा सुरू केला आणि काचेऐवजी क्रिस्टल आणलं. त्याच गावात तो आजही चालतो आणि २०११ पासून तिथे लालिकचं संग्रहालयही आहे.

मोडीत न गेलेले दागिने

गुलबेंकियनने घेतलेल्या वस्तू आज पोर्तुगालमध्ये, लिस्बनला, त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहेत. चतुर-स्त्रीही तिथेच.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्याच काळात पॅरिसमध्ये हिऱ्यांचे कितीतरी हार, मुकुट, बांगड्या तयार झाल्या. त्यातल्या अनेकांचे खडे निघाले, धातू वितळला आणि दुसरंच काहीतरी झालं. त्यांचा माल टिकला, घाट गेला.

लालिकच्या शिंगाच्या फणीचं तसं करता आलं नाही. ती मोडून मिळणार काय होतं? शिंगाचा तुकडा आणि काचेचा चुरा. तिची जी काही किंमत होती ती सगळी घडणावळीत होती, आणि घडणावळ वाचवायची तर दागिना अख्खा ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

पुढच्या वेळी सराफाच्या दुकानात घडणावळीवर घासाघीस सुरू झाली, तर आतल्या खोलीत चिमटा धरून बसलेल्या कारागिराकडे एकदा नजर टाकायला हरकत नाही.